आईच्या उपचारांची वही

आईच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ लागली ती २०२५च्या संक्रांतीच्या आसपास, आणि शेवटचं रेडिएशन झालं १७ नोव्हेंबरला. या दहा महिन्यांत धाराशिव, सोलापूर आणि मुंबई अशा किती खेपा झाल्या ते वहीत आहे. औषधांपेक्षा जास्त वेळ कागद, तारखा आणि गाड्यांनीच खाल्ला. कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. त्याच्या अवतीभवतीचं जे घरच्यांच्या अंगावर येतं, ते क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या घरी हे आत्ताच सुरू झालंय त्यांची थोडी तरी धावपळ वाचावी.

पहिल्याच डॉक्टरांनी गाठ हाताला लागल्यावर सांगितलं, ‘काढून टाकू, दोन दिवसांचं काम आहे.’ आम्ही तिथे थांबलो नाही, हे सगळ्यात बरं झालं. गाठ काढण्याआधी सुईने तुकडा घेऊन तपासायचा असतो, त्याला कोअर बायोप्सी म्हणतात. तपासणीच्या आधीच गाठ उपटली तर तिचा मूळ आकार किती होता ते नीट कळत नाही, कडेला काही राहिलं असेल तर पुन्हा चिरफाड करावी लागते, आणि आधी केमो देऊन गाठ किती आटते हे बघण्याची सोय जाते. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

सोलापुरात मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सी झाली. रिपोर्ट सहाव्या दिवशी आला. त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या खुणा) आणि हर-टू (गाठीवरचं एक प्रथिन) या तीन गोष्टी तपासतात, त्याचे आणखी आठ दिवस. हर-टूपुढे ‘२+’ आलं तर फिश नावाची आणखी एक तपासणी सांगतात आणि तिचेही दिवस धरावे लागतात. या तीन उत्तरांवर पुढची सगळी औषधं ठरतात, म्हणून हे दिवस जातातच. मुंबईला लगेच पळावंसं वाटतं, पण त्या रिपोर्टशिवाय गेलं तरी तिथेही थांबावंच लागतं.

मुंबईला जायचं ठरल्यावर लॅबकडून काचा (तुकड्याचा पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या) आणि तुकड्याचा ब्लॉक मागायला गेलो. काचा मिळाल्या, ब्लॉक द्यायला आधी नकार मिळाला. मोठ्या रुग्णालयात बाहेरच्या रिपोर्टवर उपचार सुरू करत नाहीत, तिथले पॅथॉलॉजिस्ट तोच तुकडा पुन्हा बघतात. त्यासाठी ब्लॉक लागतो. साधा अर्ज लिहून द्यायचा: रुग्णाचं नाव, बायोप्सी क्रमांक, कुठल्या रुग्णालयात न्यायचंय, नेणाऱ्याचं नाव आणि सही, सोबत आधारची झेरॉक्स. अर्ज दिल्यावर ब्लॉक मिळाले.

हा ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला मेणाचा ठोकळा, काडेपेटीपेक्षा लहान. आत शेवयांच्या तुकड्यांसारखे तीन-चार बारीक पांढुरके धागे दिसतात. चौकटीच्या तिरक्या कडेवर पेन्सिलीने नंबर घातलेला असतो. तो नंबर तिथल्या तिथे रिपोर्टशी ताडून बघा. आमच्या रिपोर्टावर शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले होते. खिडकीवरच लक्षात आलं आणि लॅबने लेटरहेडवर दुरुस्ती लिहून दिली. हे मुंबईत कळलं असतं तर एक अख्खी खेप वाया गेली असती. ठोकळे कापसात गुंडाळून कडक डबीत ठेवायचे आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरायचे नाहीत.

आईला आठ दिवस ‘गाठ आहे, तपासतोय’ एवढंच सांगितलं होतं. टाटाच्या दारात पाय ठेवल्यावर पाटी सगळं सांगणार होती, म्हणून निघायच्या आदल्या रात्री भाऊ आणि मी तिच्याशेजारी बसून नाव घेऊन सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला दोन दिवसांपासून कळलंय, तुम्ही कधी बोलताय तेच बघत होते.’ त्यानंतर प्रत्येक डॉक्टरसमोर तिचे प्रश्न तिनेच विचारले. हे आधी का केलं नाही, असं अजून वाटतं.

परळचं टाटा मेमोरियल १९४१मध्ये सुरू झालं आणि १९६२पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशभरातून माणूस येतो, त्यामुळे गर्दी धरूनच चालायचं. नोंदणीला रुग्ण स्वतः, आधार, रेशनकार्ड, सगळे मूळ रिपोर्ट आणि स्कॅनच्या सीडी लागतात. नुसते छापील फोटो चालत नाहीत. जनरल की प्रायव्हेट हे नोंदणीच्या वेळीच विचारतात आणि नंतर बदलणं अवघड जातं, म्हणून घरी ठरवून या. आम्ही जनरल घेतलं. मिळालेला फाइल नंबर वहीच्या पहिल्या पानावर, फोनमध्ये आणि आईच्या पर्समधल्या चिठ्ठीवर लिहिला. पुढे प्रत्येक खिडकीवर आधी तोच विचारतात.

ती वही दोनशे पानी, साधी. पुढून रोजच्या नोंदी आणि मागून पैशांचा हिशेब. फायलीत कागद तारखेनुसार लावले, नवा वर. रक्ताचे रिपोर्ट वेगळे, स्कॅन वेगळे, सरकारी योजनेचे कागद वेगळे. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या तिघांच्या फोनमध्ये.

काचांची फेरतपासणी, रक्त, स्कॅन आणि हृदयाची टूडी एको असं करत उपचार ठरायला नोंदणीपासून तीन आठवडे लागले. एको का, तर पुढे जे लाल औषध देतात, डॉक्सोरुबिसिन, त्याचा ताण हृदयावर येऊ शकतो. ठरलं ते असं: २१ दिवसांच्या अंतराने चार केमो, मग दर आठवड्याला एक अशा बारा, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. केमो सुरू व्हायच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन किडलेला दात उरकून घेतला, कारण मधे दात काढायची वेळ आली तर जंतुसंसर्गाची भीती असते.

इथे आम्ही एक प्रश्न विचारला आणि तो तुम्हीही विचाराच: ‘केमो गावाजवळ घेतली तर चालेल का?’ सोळा केमोंसाठी सोळा वेळा मुंबई म्हणजे रुग्णाचा जीव प्रवासातच जातो. डॉक्टर हो म्हणाले आणि औषधांची नावं, मात्रा, अंतर, आधी करायच्या तपासण्या असं सगळं पत्रात लिहून दिलं. ऑपरेशन आणि रेडिएशन मुंबईत, केमो सोलापुरात. त्या पत्रातल्या मात्रा उंची आणि वजनावरून काढलेल्या असतात. म्हणून प्रत्येक केमोआधी वजन करून घ्या आणि ते बरंच कमी-जास्त झालं असेल तर स्वतःहून सांगा.

योजनेचं काम याच सुमारास चालू होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू आहे. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, ओळखपत्र आणि डॉक्टरांचे कागद त्यांच्याकडे द्यायचे. ते मंजुरीसाठी वर पाठवतात, आणि मंजुरी आल्यावरच उपचार योजनेत धरतात. आधी खर्च करून मग परत मिळेल या भरवशावर राहू नका. रुग्णालय बदललं की मंजुरी पुन्हा, टप्पा बदलला की पुन्हा. १५५३८८ या नंबरवर विचारता येतं.

आमचं अडलं नावावर. आधारवर ‘शकुंतला’, रेशनकार्डाच्या ऑनलाइन नोंदीत ‘सकुंतला’. हातातल्या कार्डावर बरोबर होतं, पण संगणकात जे आहे तेच चालतं. तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज, आधारची प्रत आणि पुन्हा ई-केवायसी. तिथे आईच्या अंगठ्याचा ठसा उमटेना. आयुष्यभर भांडी आणि शेतातलं काम केलेल्या बायकांचं हे नेहमीचं दुखणं आहे. चार बोटं पुसून पुसून बघितली, शेवटी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन झालं. एका अक्षरापायी अकरा दिवस गेले. घरात कुणीही आजारी नसताना हे ताडून ठेवावं: आधार आणि रेशनकार्डावरची नावं, जन्मसाल, मोबाइल नंबर.

५ मार्चला पहिली केमो. आदल्या दिवशी धाराशिवलाच रक्त तपासलं. पेशी कमी निघाल्या तर तिकडे जाऊन परत यावं लागतं, म्हणून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘या’ असा निरोप आल्यावरच गाडी सांगायची. आईला पोर्ट बसवला होता. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटी डबी असते. लाल औषध शिरेबाहेर गळलं तर मांस जळतं, आणि आईच्या शिरा बारीक. पोर्ट नसेल तर सलाइन चालू असताना हाताला थोडीही आग झाली की लगेच सिस्टरना हाक मारा, ‘थोडं सहन करा’ म्हणू नका. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लघवी तांबडी होते. ते औषध असतं, रक्त नव्हे. आधी माहीत नसेल तर घाबरगुंडी उडते.

उलटीच्या गोळ्या उलटी होण्याआधी द्यायच्या असतात. चिठ्ठीतली वेळ पाळली तर उलटी फारशी होत नाही, आणि एकदा सुरू झाली की आवरत नाही. या गोळ्यांनी शौचाला कडक होतं, त्यावरचं औषधही पहिल्या दिवसापासून मागून घ्या. तोंडासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. स्टीलच्या चमच्याने लोखंडाची चव लागते म्हणाली, तेव्हा काचेची वाटी आणि लाकडी चमचा आणला. मऊ भात, वरण, मुगाचं कढण, उकडलेलं अंडं, घरचं ताक चाललं. कच्ची कोशिंबीर, उसाचा रस आणि बाहेरची चटणी बंद. उपास बंद. हे चतुर्थी करणाऱ्या आईला पटवायला डॉक्टरांनाच बोलावं लागलं.

केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. हे दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने आखून ठेवा. आमचा दहावा दिवस नेमका धुळवडीचा, १४ मार्च. रात्री अकराला आईचं अंग गरम लागलं, थर्मामीटरवर १००.८. आम्हाला सांगून ठेवलं होतं, १००.४च्या वर गेलं की थांबायचं नाही. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट बघायची ही घराघरातली सवय इथे जिवावर बेतू शकते. गोळीने ताप झाकला जातो आणि आत संसर्ग वाढत राहतो. सोलापूरच्या सेंटरच्या रात्रीच्या नंबरवर फोन केला आणि तसेच निघालो. सणामुळे गाडी मिळायला पाऊण तास गेला. पेशी खूपच खाली होत्या. तीन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक देऊन सोडलं. त्यानंतर आम्ही एक पिशवी कायम दाराशी भरून ठेवली: फाइलची प्रत, केमोचं पत्र, चालू गोळ्या, दोन साड्या, पुढून उघडणारे ब्लाऊज, थर्मामीटर, चार्जर आणि पाच हजार रोख. गाडीवाल्या दोघांशी बोलूनही ठेवलं.

दुसऱ्या केमोपासून पेशी वाढवायचं इंजेक्शन सुरू झालं. ते केमोनंतर २४ तास उलटल्यावरच द्यायचं असतं आणि २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं असतं. एप्रिलच्या उन्हात सोलापूरहून धाराशिवपर्यंत ते थर्मासमध्ये आणलं. बर्फाच्या पाकिटाला थेट टेकवायचं नाही, गोठलं की वाया जातं. मधे नॅपकिनची घडी घालायची. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाच्या खणात नाही. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत फार फरक असतो. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं चालेल का ते डॉक्टरांनाच विचारा. छापील किमतीवर बरीच दुकानं सूट देतात, मागावी लागते.

केस अडीच आठवड्यांनी गेले. उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीत. वहिनीने अंगणात खुर्ची टाकून मशीनने उरलेले बारीक करून दिले आणि नंतर दोघी तिथेच बसून राहिल्या. त्या संध्याकाळी कुणालाही घरात घेतलं नाही. एरवीही भेटायला येणाऱ्यांना ‘पेशी कमी आहेत, फोन करा’ असं स्पष्ट सांगा. राग येतो लोकांना, येऊ द्या. हा रोग शिवल्याने होत नाही हेही काहींना सांगावं लागतं, आणि कुठलातरी काढा घेऊन येणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवावं लागतं. केमोसोबत असलं काही दिलं तर यकृतावर काय होईल याचा पत्ता लागत नाही.

२८ मेपासून दर बुधवारी. ही केमो तब्येतीला सोपी गेली, पण बारा बुधवार माणसं दमतात. पहाटे सहाला निघायचं, संध्याकाळी परत. भाऊ, मी आणि वहिनी अशा पाळ्या लावल्या आणि ज्याची पाळी नाही त्याने त्या दिवशी फोन करून सूचना द्यायच्या नाहीत असं ठरवलं. या ठरावाने आमची बरीच भांडणं वाचली. जुलैमध्ये आईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, साडीची निरी धरता येईना. ते पुढच्याच बुधवारी डॉक्टरांना सांगितलं आणि मात्रा कमी झाली. ‘एवढं काय सांगायचं’ म्हणून ती गप्प राहिली असती.

१३ ऑगस्टला शेवटची केमो झाली. ऑपरेशनआधीच्या तपासण्या ऐन गणपतीत आल्या. परळ-लालबागला त्या दहा दिवसांत टॅक्सी पोचत नाही, आम्ही दादरहून निघताना दोन तास हाताशी ठेवले. मुंबईत राहायला धर्मशाळा आहेत: दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन. जागा मिळेलच असं नाही, म्हणून तारीख कळल्या दिवशीच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन चौकशी करा.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा ठरावीक फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवरून काढावं लागतं. फॉर्मवरचं स्टेशनचं नाव, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, यातलं काही राहिलं तर खिडकीवरून परत पाठवतात. शिक्का उमटलाय का ते काउंटर सोडण्याआधी बघा.

१० सप्टेंबरला ऑपरेशन. स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. काखेतून एक नळी आणि तिच्या टोकाला डबा लावून चौथ्या दिवशी सोडलं. त्या डब्यातलं पाणी रोज सकाळी ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहायचं, मग ओतून डबा दाबून पुन्हा बंद करायचा, म्हणजे आत ओढ राहते. ओढ गेली की पाणी काखेत साठतं. पहिल्या दिवशी १४० मिली होतं. सलग दोन दिवस ३०च्या खाली आलं तेव्हा नळी काढली, त्याला सतरा दिवस लागले. डबा हातात धरून माणूस वावरू शकत नाही, म्हणून वहिनीने जुन्या इरकलीच्या तुकड्याचा बटवा शिवला, गळ्यात अडकवायला लांब बंद आणि तळाशी दुहेरी शिवण. वॉर्डातल्या आणखी दोघींनी तसाच मागितला. सप्टेंबरअखेरीस आमच्या भागात पूर आला आणि रस्ते तुटले. नळी निघेपर्यंत मुंबईतच थांबायचं ठरवलं होतं म्हणून निभावलं.

ज्या बाजूचं ऑपरेशन झालं त्या हाताला पुढे कधी सुई, सलाइन किंवा बीपीचा पट्टा लावू देऊ नका, हाताला सूज चढू शकते. दुसऱ्याच दिवसापासून व्यायाम सांगतात. भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि जिथे पोचलं तिथे पेन्सिलीची खूण. आई टाळायची. पण रेडिएशनला हात डोक्यावर नेऊन निजावं लागतं. हात वर जात नसेल तर रेडिएशनच लांबतं, हे कळल्यावर तिने एकही दिवस चुकवला नाही. धर्मशाळेच्या भिंतीवरच्या खुणा पुसून आलो.

रेडिएशन २७ ऑक्टोबरला सुरू झालं, सोमवार ते शुक्रवार, पंधरा वेळा. मधे गुरुनानक जयंतीची सुट्टी आली म्हणून १७ नोव्हेंबरला संपलं. मशीन बंद पडलं की आणखी दिवस वाढतो, तेव्हा परतीचं तिकीट आधी काढू नका. अंगावर ज्या खुणा करतात त्या घासायच्या नाहीत. त्या भागाला पावडर, तेल, साबण नाही, सैल सुती ब्लाऊज फक्त. कातडी सगळ्यात जास्त काळवंडली ती रेडिएशन संपल्यानंतरच्या आठवड्यात. तेव्हा घरी असतो आणि वाटतं काहीतरी बिघडलं.

वहीच्या मागच्या पानांवरचा हिशेब. केमो, ऑपरेशन आणि रेडिएशन योजनेत बसलं. तरी खिशातून एक लाख सत्तर हजार गेले. त्यातले सुमारे चाळीस हजार मंजुरीआधीच्या तपासण्यांचे. सर्वात मोठा आकडा औषधांचा नाही, सोलापूरच्या गाडीभाड्याचा आहे. ज्यांना आयकर भरावा लागतो त्यांनी कर्करोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणि बिलं जपावीत. जुन्या करपद्धतीत ६० वर्षांवरच्या रुग्णासाठी एक लाखापर्यंत वजावट मिळते.

आता रोज एक लेट्रोझोलची (हार्मोन कमी करणारी) गोळी, किमान पाच वर्षं. हिने हाडं ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम आणि हाडांची तपासणी. पोर्ट अजून आहे, तो निघेपर्यंत ठरलेल्या मुदतीत धुवून घ्यावा लागतो, नाहीतर आत गुठळी होऊन बंद पडतो.

शेवटच्या दिवशी टाटातून निघताना काचा आणि ब्लॉक परत मागून घेतले. बरेच जण विसरतात. पुढे कधी नवी तपासणी करायची वेळ आली तर तोच जुना तुकडा लागतो. नंबर पुन्हा रिपोर्टशी ताडला. डबी घरी आणून कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवली आहे, तिथे उन्हाळ्यातही गार असतं, आणि ती कुठे आहे हे वहीच्या पहिल्या पानावर, फाइल नंबरच्या खाली लिहिलंय.